'संदर्भ हवा'



माझी नोकरी दौंड स्टेशनात गेली. निवृत्तीनंतर मुलाने मराठी विकिपीडिया दाखवला. १ मे २००३ ला सुरू झालेला हा ज्ञानकोश. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं. म्हटलं, दौंडला रूळ आणणाऱ्या जी.आय.पी. रेल्वे कंपनीवर लिहू.

१८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी, १८७८ चा दौंड-मनमाड मार्ग, १९५१ ची मध्य रेल्वे, एवढं टिकलं. पण वडिलांकडून ऐकलेल्या कंपनीच्या चाळीच्या हकिकतीपुढे कोणीतरी 'संदर्भ हवा' लिहिलं. पुढे ती काढलीच. राग आला. चर्चा पानावर भांडलोसुद्धा! मग उमगलं, त्याचंच बरोबर. वडील गेले आणि घरात कागद एकही नाही. 'इतिहास पहा' दाबलं की माझ्या ओळी अजून दिसतात, पण लेखात नाहीत.

आपल्या सोसायटीचंही असंच होईल. म्हणून विनंती, शिरूरला अजून घोडनदी म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी आणि आम्हा दौंडकरांनी पहिल्या सभेचं इतिवृत्त, जुन्या पावत्या, फोटो कार्यालयात द्यावेत. फोटोमागे नावं आणि तारीख लिहा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढणाऱ्या पोरांना 'संदर्भ हवा' लिहायची वेळ यायला नको.