वसईच्या पाण्याचा नकाशा : शिशाच्या गोळ्यापासून पडद्यापर्यंत

१/ मासेमारी बोटीवर जीपीएस आणि खोली मोजणारे यंत्र बसवले की पुढचा प्रश्न नकाशाचा असतो. त्या पडद्यावर कोणाचा नकाशा उघडायचा? वसईच्या पाण्यात हा प्रश्न जवळपास पाचशे वर्षे जुना आहे, आणि तो कधीच केवळ तांत्रिक नव्हता.

२/ १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमारासोबत दों जुआंव द कास्त्रो हा अधिकारी होता. हाच पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानाचा गव्हर्नर झाला. वाटेतील बंदरे, खाड्यांची मुखे, पाण्याची खोली आणि किनाऱ्यावरील खुणा यांची त्याने सविस्तर नोंद केली. या नोंदींचा हेतू स्पष्ट होता : आरमार सुखरूप आत यावे.

३/ खोली मोजण्याचे साधन साधे होते : खुणा केलेली दोरी आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळ्याच्या तळाशी खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. तिला चिकटून चिखल, वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा वर येई. नकाशात आकड्याशेजारी तळाचा प्रकार नोंदवण्याची प्रथा रुळली ती यामुळेच.

४/ त्याच पाण्यात कोळ्यांचाही नकाशा होता, पण तो कागदावर नव्हता. त्यांचे माप वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढे अंतर. इंग्रजांचा फॅदमही मुळात तेवढाच. जागा ठरे ती किनाऱ्यावरील खुणांच्या जोड्यांवरून. एक डोंगर आणि त्याच्या पुढची एखादी खूण एका रेषेत आली, दुसरीकडे तशीच दुसरी जोडी जुळली, की त्या दोन रेषा जिथे छेदतात तीच जागा. सर्वेक्षकांची भूमितीही हीच. फरक एवढाच की कोळ्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडीच जाई.

५/ कागदावरचा नकाशा मात्र सत्तेबरोबर हात बदलत गेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याच शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनमधील जॉन मॅक्लूरने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली. १८७४ मध्ये कलकत्त्यात सागरी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, हे कार्यालय डेहराडूनला गेले. आज तेच राष्ट्रीय जलालेखन कार्यालय होय.

६/ या नकाशांतील खोलीचा आकडा त्या क्षणीच्या पाण्याचा नसतो. तो मोठ्या ओहोटीच्या जवळपासच्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो. तलावाचा नकाशा वापरणाऱ्याला याची फारशी चिंता नसते, कारण तिथली पातळी सावकाश बदलते. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर मात्र मोठ्या उधाणाला पाणी त्या पातळीच्या सुमारे ५ मीटर वर चढते. भरतीचे गणित न मांडता आकडा वाचणे म्हणजे अर्धाच नकाशा वाचणे.

७/ विसाव्या शतकात दोरीची जागा ध्वनीने घेतली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम या विषयाकडे वळला आणि प्रतिध्वनीने खोली मोजू लागला. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परतला, तर तळ ३० मीटरवर. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी याच तत्त्वावर मासे शोधणारे यंत्र बाजारात आणले.

८/ मग आले जीपीएस. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतातील मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि सुमारे १०० मीटरची अनिश्चितता १०-२० मीटरवर आली. खुणांच्या जोड्यांनी सापडणारी जागा आता अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत मावू लागली. धुक्यातही ती सापडू लागली.

९/ इथेच जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. प्रवाहासमोर तोंड उघडून धरलेले डोलीचे जाळे एका जागी बांधलेले असते. ते बांधण्यासाठी समुद्रतळाशी खुंट रोवणे म्हणजे ‘कव मारणे’. वसई-उत्तनकडील बोटींनी पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रात मारलेल्या कवींवरून तिथल्या मच्छीमारांशी वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे. वाहत्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्याला तो खुंट अडथळा वाटतो. डोलीवाल्याला तो पोटापाण्याचा आधार. जागा मीटरमध्ये दाखवता येते. ती कोणाची, हे मात्र उपग्रह सांगू शकत नाही.

१०/ म्हणून बोटीसाठी नकाशा निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : तो कोणासाठी केला, मोजणी कोणत्या वर्षीची, आणि खोली कोणत्या पातळीपासून. वसईच्या खाडीत गाळ साचतो, रेती उपसली जाते, आणि जुना आकडा खोटा ठरतो. सरकारी नकाशांच्या दुरुस्त्या म्हणूनच नियमित प्रसिद्ध होतात.

११/ कास्त्रोपासून डेहराडूनपर्यंतचे नकाशे प्रामुख्याने जहाजांची वाट दाखवण्यासाठी झाले. मासा कुठे थांबतो आणि कोणाची कव कुठे आहे, ही माहिती त्यांच्या कामाची नव्हती. ती आजही अर्नाळा-पाचूबंदरच्या तांडेलांकडे आहे. काहींनी ती आपल्या यंत्रात एकेक बिंदू टिपून साठवली आहे. कोळ्यांचा तोंडी नकाशा प्रथमच आकड्यांत उतरतो आहे, आणि तो जपायचा कोणी, हे अजून ठरायचे आहे.