सुलोचना (मूकपट अभिनेत्री)

हा लेख मूकपटांच्या काळातील अभिनेत्री रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना यांच्याविषयी आहे. मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री सुलोचना लाटकर आणि लावणी गायिका सुलोचना चव्हाण यांच्यासाठी त्यांचे स्वतंत्र लेख पाहावेत. नामसाम्यामुळे या तिघींची माहिती व छायाचित्रे अनेक ठिकाणी एकमेकींच्या नावावर छापली गेली आहेत.

सुलोचना (मूळ नाव: रूबी मायर्स, जन्म: १९०७, पुणे, मृत्यू: १० ऑक्टोबर १९८३, मुंबई) या भारतीय मूकपटांच्या शेवटच्या दशकातील सर्वाधिक लोकप्रिय नायिकांपैकी एक होत. कोहिनूर आणि इंपीरियल या मुंबईतील दोन मोठ्या चित्रसंस्थांत त्यांनी काम केले. बोलपट आल्यावर भाषेच्या अडचणीमुळे त्यांची कारकीर्द संपुष्टात येण्याची वेळ आली होती. परंतु हिंदुस्तानी भाषेचा अभ्यास करून त्या पुन्हा पडद्यावर आल्या आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्यांत नायिका म्हणून उभ्या राहिल्या. १९७३ या वर्षासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना प्रदान करण्यात आला.

जन्म व पार्श्वभूमी

रूबी मायर्स यांचा जन्म पुण्यातील एका बगदादी ज्यू कुटुंबात झाला. बगदादी ज्यू हा समाज इराक व आसपासच्या प्रदेशातून व्यापाराच्या निमित्ताने मुंबई, पुणे व कलकत्ता येथे येऊन स्थिरावला. पुण्यातील ससून रुग्णालय आणि लष्कर भागातील ‘लाल देऊळ’ या नावाने ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड सिनेगॉग ही या समाजाची, विशेषतः ससून घराण्याची, ठळक खूण आहे. कोकणातून आलेल्या आणि मराठी हीच मातृभाषा असलेल्या बेने इस्रायली समाजाहून (पूर्वीचे ‘शनिवार तेली’) हा समाज भाषेने व चालीरीतींनी वेगळा आहे. त्यामुळे पुण्यात जन्मलेली ज्यू अभिनेत्री म्हणून त्यांना बेने इस्रायली मानणे योग्य नव्हे. अनेक लेखांत त्यांचा उल्लेख ‘अँग्लो-इंडियन’ असा होतो, तोही सैलपणे केलेला आहे. युरोपीय धाटणीचे नाव असलेल्या प्रत्येक अभिनेत्रीला त्या काळी हे विशेषण सरसकट लावले जाई.

चित्रपटात येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करीत होत्या. इंग्रजी बोलू शकणाऱ्या ज्यू, पारशी व अँग्लो-इंडियन तरुणींना शहरात उपलब्ध असलेल्या मोजक्या नोकऱ्यांपैकी ही एक होती.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाला करावी लागली होती. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम करून स्त्रियांसाठी वाट मोकळी केली. तरीही पुढील दहा-बारा वर्षे प्रतिष्ठित हिंदू व मुसलमान कुटुंबांतील स्त्रिया पडद्यापासून दूरच राहिल्या. ही उणीव प्रामुख्याने कलावंतिणींच्या घराण्यांतील स्त्रियांनी आणि अँग्लो-इंडियन व ज्यू तरुणींनी भरून काढली. पेशन्स कूपर, सीतादेवी (रेनी स्मिथ) ही याच काळातील नावे होत.

कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी रूबी मायर्स यांना चित्रपटात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला. नकाराचे कारण उघड होते: टेलिफोनची नोकरी साधी असली तरी सभ्य समजली जाई, नटीचा व्यवसाय तसा समजला जात नसे. भवनानी यांनी आग्रह सोडला नाही आणि अभिनयाचा कोणताही पूर्वानुभव नसताना त्या कोहिनूरमध्ये दाखल झाल्या. ‘वीर बाला’ (१९२५) हा त्यांचा पहिला चित्रपट. पडद्यासाठी त्यांना ‘सुलोचना’ हे नाव मिळाले. ‘सुंदर डोळ्यांची’ हा त्याचा अर्थ, आणि मेघनादाची पतिव्रता पत्नी सुलोचना हिच्यामुळे हे नाव प्रेक्षकांना परिचित होते. परक्या वाटणाऱ्या चेहऱ्याला आपलेसे करण्यास ते फारच सोयीचे ठरले.

मूकपटांतील यश

सुलोचना यांच्या सुरुवातीच्या यशाचा विशेष असा की, त्यांच्या नायिका पुराणातून न येता शहरातून आल्या. चंदुलाल शाह यांच्या ‘टायपिस्ट गर्ल’ (१९२६) या चित्रपटात त्यांच्यासोबत गोहर यांची भूमिका होती. हा चित्रपट अवघ्या १७ दिवसांत पूर्ण झाल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी ‘टेलिफोन गर्ल’ व ‘सिनेमा क्वीन’ हेही चित्रपट आले. या शीर्षकांकडे पाहिले तरी लक्षात येते की, पगारासाठी घराबाहेर पडणारी तरुणी हा त्या काळच्या प्रेक्षकांच्या कुतूहलाचा, आणि काहीशा धास्तीचाही, विषय झाला होता. स्वतः टेलिफोनच्या नोकरीतून आलेल्या सुलोचना यांना अशा भूमिका मिळाव्यात हा केवळ योगायोग नसावा.

नवल गांधी दिग्दर्शित ‘बलिदान’ (१९२७) हा रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘विसर्जन’ या नाटकावर आधारलेला चित्रपट या काळातील एक दर्जेदार कृती मानला जातो. त्यात सुलोचना यांच्यासह जुबेदा व मास्टर विठ्ठल यांनी काम केले होते.

पुढे त्या अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेल्या. तेथे भवनानी यांच्याच दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या चित्रपटात त्यांनी आठ भूमिका साकारल्या. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा, केळी विकणारी म्हातारी, गोरी युरोपीय तरुणी अशी ती सोंगे होती. पुरुष नट स्त्रीची भूमिका करतो ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला नवी नव्हती. फाळके यांच्या तारामतीनंतर चौदा वर्षांनी एका नटीने पडद्यावर पोलिसाचा व माळ्याचा वेष घेतला, हे मात्र नोंद घेण्याजोगे आहे.

१९२८-२९ मध्ये दिग्दर्शक आर. एस. चौधरी यांच्याबरोबर केलेले ‘माधुरी’, ‘अनारकली’ आणि ‘इंदिरा बी. ए.’ हे तीन चित्रपट त्यांच्या मूकपट कारकिर्दीचे शिखर होत. यांपैकी ‘अनारकली’चा इतिहास त्या काळच्या व्यावसायिक चढाओढीवर प्रकाश टाकतो. इम्तियाज अली ताज यांच्या उर्दू नाटकावरून चारू रॉय व प्रफुल्ल रॉय हे ‘द लव्ह्ज ऑफ अ मुघल प्रिन्स’ हा मोठ्या खर्चाचा चित्रपट तयार करीत होते व त्यात सीतादेवी नायिका होत्या. ही बातमी लागताच इंपीरियलने तीच कथा सुलोचना यांना घेऊन झपाट्याने चित्रित केली आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी प्रदर्शित केली. इंपीरियलच्या ‘अनारकली’ला मोठे यश मिळाले आणि रॉय यांचा चित्रपट मागे पडला.

त्यांच्या लोकप्रियतेचे एक वेगळे उदाहरण नेहमी दिले जाते. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन करीत असल्याचा एक लघुपट दाखविताना त्याला ‘माधुरी’मधील सुलोचना यांचे नृत्य ध्वनीची साथ देऊन जोडण्यात आले होते.

वेतनाची आख्यायिका

सुलोचना यांना दरमहा ५००० रुपये वेतन मिळत असे व ते मुंबईच्या गव्हर्नरांच्या वेतनापेक्षा अधिक होते, हे विधान त्यांच्यावरील जवळजवळ प्रत्येक लेखात आढळते. त्याचा उत्तरार्ध टिकत नाही. १९१९ च्या भारत सरकार कायद्यानुसार मुंबईच्या गव्हर्नरांच्या वेतनाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपयांहून अधिक, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर होती. मात्र तुलना चुकीची असली म्हणून वेतनाचे महत्त्व कमी होत नाही. शाळामास्तराला महिन्याकाठी काही दहा रुपयांत संसार करावा लागे, त्या काळात हजारांच्या घरातील पगार घेणारी नटी ही लोकांच्या दृष्टीने गव्हर्नराइतकीच दूरची व्यक्ती होती. आख्यायिका जन्मली ती यातूनच.

बोलपटांचे आगमन

मूकपटाला स्वतःची अशी भाषा नव्हती. दृश्यांच्या मध्ये दाखविल्या जाणाऱ्या मजकुराच्या पाट्या हिंदी, गुजराती, मराठी, उर्दू, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत असत आणि नटनटी चित्रीकरणाच्या वेळी कोणत्या भाषेत बोलत आहेत याने काही बिघडत नसे. सुलोचना यांचे घरचे व व्यवहाराचे बोलणे इंग्रजीच्या वळणाचे असूनही त्या मोगल दरबारातील अनारकली होऊ शकल्या, त्या यामुळे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात इंपीरियलचाच ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि ही सोय एका दिवसात नाहीशी झाली. इंपीरियलची सर्वांत मोठी नायिका असूनही ‘आलम आरा’ची नायिका होण्याचा मान सुलोचना यांना मिळाला नाही, ती भूमिका जुबेदा यांनी केली. अडचण एकट्या सुलोचना यांची नव्हती. ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल यांच्या उच्चारांमुळे त्यांचे पात्र बराच वेळ गुंगीत दाखवावे लागले, असे सांगतात. मूकपटांतील कित्येक नटनटींचा व्यवसाय या एका बदलाने संपला.

सुलोचना यांनी सुमारे एक वर्ष कामातून बाजूला होऊन हिंदुस्तानी भाषा व उच्चार शिकून घेतले. पंचविशीच्या आसपास, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, पुन्हा विद्यार्थिदशेत जाण्याचा हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. ‘माधुरी’ (१९३२) या बोलपटातून त्या परतल्या. हा त्यांच्याच मूकपटाचा बोलका अवतार होता. पाठोपाठ ‘इंदिरा एम. ए.’ (१९३४), ‘अनारकली’ (१९३५) आणि ‘वाइल्डकॅट’वर आधारित ‘बंबई की बिल्ली’ (१९३६) हे चित्रपट आले. मूकपटातील बी. ए. झालेली इंदिरा बोलपटात एम. ए. झाली, हा बदल नकळत नायिकेलाही लागू पडतो. १९३३ मध्ये तर ‘सुलोचना’ याच नावाचा बोलपट आला. अभिनेत्रीच्या नावावर चित्रपट खपतो, असा विश्वास यामागे होता.

१९३३ ते १९३९ या काळात त्यांनी प्रामुख्याने दिनशा बिलिमोरिया यांच्यासोबत काम केले व ही जोडी अतिशय गाजली. याच दशकाच्या मध्यास त्यांनी ‘रूबी पिक्स’ ही स्वतःची चित्रसंस्थाही काढली.

उत्तरकाल

१९३८ मध्ये इंपीरियल कंपनी बंद पडली. लवकरच बिलिमोरिया यांच्याबरोबरचे चित्रपटही थांबले. गाणी स्वतः गाऊ शकणाऱ्या व भाषेवर जन्मजात पकड असलेल्या नव्या अभिनेत्रींची पिढी पुढे आली होती. सुलोचना यांच्या वाट्याला यापुढे चरित्र भूमिका आल्या, पुढे त्याही लहान होत गेल्या.

दिलीपकुमार व नूरजहाँ यांच्या ‘जुगनू’ (१९४७) या चित्रपटात त्यांची भूमिका होती. वयस्क प्राध्यापक आपल्याच वयाच्या सहकारी स्त्रीवर भाळतो, हे त्यातील प्रसंग अनैतिक ठरवून मोरारजी देसाई यांनी चित्रपटावर बंदी घातली, असे सांगितले जाते.

१९५३ मध्ये फिल्मिस्तानने नंदलाल जसवंतलाल यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा ‘अनारकली’ काढला. बीना राय अनारकली झाल्या आणि सुलोचना यांनी सलीमच्या आईची, जोधाबाईची, भूमिका केली. १९२८ च्या मूकपटात व १९३५ च्या बोलपटात अनारकली झालेल्या अभिनेत्रीने तिसऱ्या वेळी सलीमच्या आईचा वेष चढवला. दिग्दर्शक जसवंतलाल हे ‘इंदिरा एम. ए.’चेही दिग्दर्शक होते, त्यामुळे ही निवड जुन्या परिचयातून झाली असणे शक्य आहे. अखेरच्या काळात ‘खट्टा मीठा’ (१९७८) यासारख्या चित्रपटांतून त्या दिसल्या.

१९७३ या वर्षासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळविणाऱ्या सुलोचना या देविका राणी यांच्यानंतरच्या दुसऱ्या महिला होत. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

चित्रपटांची उपलब्धता

भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी थोडे, तेही बरेचसे तुकड्यांच्या स्वरूपात, आज शिल्लक आहेत. नायट्रेटच्या फिती सहज पेट घेत, दमट हवेत कुजत, आणि चित्रपट जुना झाला की त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे शेवटचे मूकपट निघाल्यानंतर तीस वर्षांनी. यामुळे सुलोचना यांच्या मूकपट अभिनयाचा अभ्यास बहुतांशी तत्कालीन जाहिराती, छायाचित्रे, कथासार-पुस्तिका व वृत्तपत्रांतील परीक्षणे यांवरच करावा लागतो. आजच्या प्रेक्षकाला त्या सहजपणे भेटतात त्या १९५३ च्या ‘अनारकली’तील जोधाबाईच्या रूपात.