चौलच्या बंदरात उतरलेला घोडा

श्रोतेहो, घोडा म्हटला की आपल्याला आठवतो तो घाटावरचा मोकळा मुलूख. कोकणात कुठला आलाय घोडा? इथं भात, नारळ, होडी आणि बैलजोडी. आंग्र्यांच्या किनाऱ्यावर गलबताला जो मान, तो काही घोड्याला नव्हता. पण शाळेतल्या गुरुजींना मी मुद्दाम सांगेन की, दख्खनच्या बादशाही पागांतली कितीतरी उमदी जनावरं हिंदुस्थानच्या भूमीला पहिला खूर लावत ती आपल्या चौलच्या बंदरात. अरबस्तानातून, इराणातून जहाजं यायची आणि त्यांच्या पोटात घोडे असायचे.

त्यातल्या एका घोड्याची हकिकत कागदावर राहिली आहे. रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, म्हणजे हा गडी त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचा. रेवदंड्याला २००२ साली त्याचं स्मारक उभं राहिलं आहे. या निकितिननं होर्मुझला शंभर रूबल मोजून एक घोडा घेतला होता. हिंदुस्थानात घोड्याला चांगली किंमत येते, एवढ्या एका आशेवर त्यानं तो समुद्रापार आणला.

चौलहून तो निघाला. आठ दिवसांत पाली, पुढं दहा दिवसांत उमरी आणि आणखी सहा दिवसांत जुन्नर. जुन्नरला पावसानं गाठलं, आणि तिथल्या असदखानानं घोडा काढून घेतला. खान म्हणाला, मुसलमान हो, म्हणजे घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवसांची! परमुलखातला एकटा माणूस, सगळं भांडवल त्या चार पायांवर उभं. अखेर खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ मध्ये पडला, त्यानं रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. पुढं बीदरला निकितिननं तो विकला.

त्यानं लिहून ठेवलेली एक ओळीची माहिती मला या सगळ्या नाट्यापेक्षा मोलाची वाटते. तो म्हणतो, या देशात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि रेडे होतात. आणि घोड्यांना इथं हरभरा घालतात, साखर आणि स्निग्ध घालून खिचडी शिजवून चारतात. पाहा बरं! माणसाला जे सणासुदीला मिळायचं, ते घोड्याला रोज. इतकं करूनही परदेशी घोडा इथं फार दिवस टिकत नसे. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोनं दक्षिणेकडच्या मअबर प्रांताबद्दल लिहिलं आहे की, तिथला राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे विकत घेतो आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही उरत नाहीत, कारण घोड्याची निगा राखण्याचं ज्ञानच तिथं कुणाला नाही. आपल्या ठाण्याबद्दल तर तो भलतीच गंमत सांगतो. तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. म्हणजे सोन्यापेक्षा घोड्याची ओढ मोठी होती.

आता विचार करा, ज्याचा घोडा समुद्रापलीकडून येतो, त्याचं राज्य बंदरावर आणि व्यापाऱ्यावर अवलंबून. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर घोड्याचा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्यासाठी एवढा आटापिटा केला तो काय उगाच?

मराठ्यांनी यातून वाट काढली ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे भीमा-नीरेच्या थडीचं आपलं देशी घोडं. ते अरबी घोड्याइतकं उंच नव्हे, देखणंही नव्हे; पण खूर कठीण, काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारं आणि घाटाची चढण न कुरकुरता चढणारं. हेच भीमथडी तट्टू. दुसरी गोष्ट म्हणजे निगा. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला सरकारी पागेतलं मिळायचं. कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की, पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल, या दोन कामांना स्वतंत्र माणसं! पावसाळ्यात लष्कर छावणीला परत येई. तोवर दाणा, औषधं, गवतानं शाकारलेले तबेले तयार. दसरा झाला की कूच.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या जुमलेदारांना गेलेलं एक पत्र प्रसिद्धच आहे. तेही कोकणातलंच आणि पावसाळ्याच्या तोंडावरचं. त्याचा मतलब असा की, साठवलेला दाणागवत आत्ताच बेहिशेबी उडवलात, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणाल आणि रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. गवताच्या गंजीपाशी चुली पेटवू नका, दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल, इतकी बारीक ताकीद त्यात आहे. पागेतलं गवत जळालं तर त्याची भरपाई शेवटी कुणब्याच्या परसातून व्हायची, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

तेव्हा घोड्यावर बसायला शिकणं म्हणजे आधी घोड्याखाली वाकायला शिकणं. खरारा करायचा, खूर उचलून खडा काढायचा, तोबरा बांधायचा. जनावराला आपला हात आणि आवाज ओळखीचा झाला की पुढची पायरी. लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवतात, दोन्ही बाजूंनी, म्हणजे अंग मोकळं होतं आणि हुकूम कळतो. या गोल फिरवण्याला जुना शब्द आहे ‘कावा’. होय, गनिमी काव्यातला शब्द घोड्याच्या शिक्षणातही असा आहे! हे काम करणारा तो चाबूकस्वार. नाव चाबकाचं, पण हुशार चाबूकस्वाराला चाबूक क्वचितच उगारावा लागतो.

मग स्वार. चढायचं डाव्या बाजूनं, कारण तलवार डाव्या कमरेला लटकायची, ती आड येऊ नये. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली. पडलात तर पाय अडकून फरफट होऊ नये म्हणून. नवशिक्या लगामाला लोंबकळतो आणि बिचाऱ्या जनावराचं तोंड सोलतो. तोल लगामात नसतो, मांडीत असतो. म्हणून तर आपण ‘पक्की मांड’ म्हणतो. आधी पुष्कळ दिवस नुसती चाल, मग दुडकी. दुडकीत हाडं खिळखिळी होतात ती पहिल्या आठवड्यात. भरधावेची घाई करू नये.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, पागा मोडल्या आणि भीमथडी घोडं मेंढपाळ धनगरांच्या ओझ्याचं तट्टू होऊन राहिलं. त्यांनीच ते जगवलं म्हणायचं. २०२४ साली या घोड्याला देशातल्या अधिकृत जातींत जागा मिळाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या पंगतीत आता आपलं भीमथडी बसलं आहे.

कर्जत तालुक्यातल्या माथेरानला खासगी मोटारीला अजून मज्जाव आहे, तिथं माणसं घोड्यावरून जातात. गुरुजी, सहल नेलीत तर मुलांना लगेच रपेटीला बसवू नका. आधी घोडेवाल्या मामांना विचारू द्या, की पावसाळ्याचं गवत कुठं ठेवता, नाल किती दिवसांनी बदलता, चंदीला काय घालता. त्यांचं सांगून झालं की मग डाव्या बाजूनं चढायचं.