बीसीजी उपचार (मूत्राशयाचा कर्करोग)

मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या राहिलेल्या, पण पुन्हा उद्भवण्याचा किंवा स्नायूत शिरण्याचा मोठा धोका असलेल्या कर्करोगावरील प्रतिकारशक्ती-उपचार. गाठ दुर्बिणीतून खरवडून काढल्यावर, जखम भरण्यासाठी काही आठवडे थांबून, मूत्राशयात बीसीजीचे जिवंत पण दुर्बळ केलेले जंतू सोडतात. तान्ह्या बाळाला क्षयरोगाविरुद्ध दंडावर टोचतात तीच ही लस, मात्रा मात्र कितीतरी पट मोठी. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केलेली ही लस १९२१ मध्ये प्रथम माणसाला दिली गेली. मूत्राशयातील तिच्या वापराचा पाया कॅनडातील अल्वारो मोरालेस यांच्या १९७६ च्या शोधनिबंधाने घातला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या उपचारासाठी ‘ऑन्को-बीसीजी’ बनवते.

सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस देतात. पुढे तीन आणि सहा महिन्यांनी व नंतर दर सहा महिन्यांनी तीन-तीन डोस, एक ते तीन वर्षांपर्यंत. डोसच्या दिवशी आधीचे काही तास पाणी बेताने प्यायचे, नळीतून औषध आत गेल्यावर शक्यतो दोन तास लघवी रोखायची. पुढचे सहा तास बसूनच लघवी करावी, दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे. सामाईक संडास वापरणाऱ्या कुटुंबांना हे अवघड जाते. त्यांनी पहिल्या डोसआधीच परिचारिकेशी बोलून सोय ठरवावी. शरीरसंबंधाच्या वेळी आठवडाभर निरोध वापरावा लागतो, आणि ही सूचना संकोचापोटी अनेकदा सांगायची वा विचारायची राहून जाते.

जंतू अस्तराला चिकटले की संरक्षक पेशी तिथे जमतात, दाह होतो आणि त्या दाहातच कर्कपेशी मारल्या जातात. म्हणून लघवीला जळजळ, सारखी घाई, किंचित रक्त, अंगदुखी, कणकण हे त्रास अपेक्षित असतात आणि बहुधा दोन दिवसांत ओसरतात. भरपूर पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांनी सुचवलेले पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेकांचे भागते. ज्यांना काहीच त्रास होत नाही त्यांनी औषध लागू पडले नाही असे समजू नये. डोस जसे वाढत जातात तशी जळजळ वाढू शकते, त्यामुळे डोसच्या दुसऱ्या दिवशी कामाची सुट्टी धरून ठेवलेली बरी.

खरा धोका त्रास लपवण्यात आहे. पुढचा डोस चुकेल या भीतीने ताप अंगावर काढणारे रुग्ण स्वतःला फार मोठ्या संकटात टाकतात. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर (सुमारे १०१ फॅरनहाइट) गेलेला ताप, हुडहुडी, दोन दिवसांनंतरही न उतरणारी कणकण, सांधेदुखी, खोकला किंवा वृषणाची सूज असल्यास लगेच रुग्णालय गाठावे. क्वचित हे जंतू रक्तात पसरतात आणि मग क्षयरोगाची औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. लघवीत जंतुसंसर्ग असेल, रक्त पडत असेल किंवा नळी घालताना इजा झाली असेल, तर डोस पुढे ढकलणे हाच शहाणपणा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके बीसीजीचे जंतूही मारू शकतात, म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. काही महिन्यांनी दुसऱ्या आजारासाठी नव्या डॉक्टरांकडे गेल्यावरही बीसीजी घेतल्याचे आवर्जून सांगावे.

शारीरिक त्रासापेक्षा दर तीन महिन्यांच्या दुर्बीण-तपासणीची धास्ती पुष्कळांना जड जाते. तपासणीला सोबत कोणी तरी असावे. अहवाल ऐकताना दोघे असले की सांगितलेले लक्षातही राहते. या काळात तंबाखू सोडणे सर्वांत मोलाचे, कारण धूम्रपान हे या रोगाचे प्रमुख कारण आहे आणि ते चालू राहिले तर गाठ परतण्याचा धोका वाढतो.

बीसीजीला दाद न दिल्यास मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती शक्य नसलेल्या किंवा नको असलेल्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता मिळाली. हे औषध शिरेतून देतात. त्यात थायरॉइड, आतडी किंवा फुप्फुसांचा दाह संभवतो. त्यामुळे जुलाब, धाप किंवा विलक्षण थकवा जाणवला तर तो लगेच कळवायचा असतो.