ओट्यावरचे लोखंडी गज

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या ओट्यावर लोखंडी गज बसवले गेले. ओटा रस्त्याच्या बाजूला आहे. इशाची नमाज झाली, दिवे मालवले की तीन-चार माणसे तिथे येऊन झोपत. एक म्हातारा हमाल, एक पायाने अधू तरुण, कधी एखादी बाई पोराला कुशीत घेऊन. फज्रला येणाऱ्यांना अडचण होते, घाण होते, उद्या चोरी झाली तर जबाबदार कोण, अशा तक्रारी सुरू झाल्या. कमिटीची बैठक बसली आणि वीतवीत अंतरावर उभे गज ठोकायचे ठरले. हात वर करून मंजुरी देणाऱ्यांत मीही होतो.

काही महिन्यांनी आठवीच्या वर्गात मी 'सबील' हा शब्द शिकवत होतो. मोहरममध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी-सरबत मिळते ती सबील मुलांना माहीत होती. मी सांगितले, या शब्दाचा मूळ अर्थ वाट, रस्ता. त्यावरूनच 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेचा लेक. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्याबरोबर हा वाटेचा लेकही आहे. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मशिदीच्या ओट्यावर झोपायचे ते कोण होते मग?"

तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. तेव्हापासून जे वाचले, पाहिले, ते इथे मांडतो आहे.

आपल्या भाषेत रस्त्यावरच्या माणसासाठी किती शब्द आहेत ते बघा. अरबी 'सफर'वरून मुसाफिर आला आणि मराठीने त्याचा मुशाफिर केला. सराय फारसीतून आली. धर्मशाळा, ओसरी, पडवी, देवडी हे आपले जुने शब्द. जुन्या घराला ओटा असे, आणि तो घराचा असला तरी निम्मा रस्त्याचा असे. उन्हातून चालून आलेला माणूस न विचारता तिथे टेकत असे.

शेरशाह सूरीची कारकीर्द अवघी पाच वर्षांची, १५४० ते १५४५. पण त्याच्या सरायांची आठवण अजून निघते. अकबराच्या काळात अब्बास खान सरवानीने त्याचा इतिहास लिहिला. त्यानुसार रस्त्यावर दर दोन कोसांवर सराय होती, तिथे हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची वेगवेगळी सोय होती आणि पाण्याची व्यवस्था होती. या सराया फक्त पुण्यासाठी नव्हत्या. व्यापार आणि सरकारी डाक यांनाही त्यांची गरज होती. तरी चालणाऱ्याला पाठ टेकायला जागा लागते, एवढे त्या राज्याने मानले होते.

आपल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. लोक चक्की बघतात, हौदाजवळ फोटो काढतात आणि निघतात. हा परिसर ज्या सूफींच्या दर्ग्याचा आहे, त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. ते बुखाऱ्याकडून आलेले. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर चक्की फिरवली, आणि तिचे पीठ तिथे राहणाऱ्या फकिरांच्या, येणाऱ्या प्रवाशांच्या उपयोगी पडे. हौदाच्या तळाखाली जाड खांबांवर उभे एक लांबलचक दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छप्पर. वर पाणी, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही खाली गारवा. बांधणाऱ्याने डोके वापरले होते, आणि ते माणसाला आत घेण्यासाठी वापरले होते.

पण इथे थांबलो तर मी मुलांना अर्धाच इतिहास शिकवला असे होईल. ओटा सगळ्यांचा कधीच नव्हता. पंढरपूरला वारकऱ्यांसाठी धर्मशाळा होत्या, तरी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला तिथे थारा नव्हता. म्हणून गाडगेबाबांना तिथे चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली. ती त्यांनी पुढे १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कोणाला टेकू द्यायचे आणि कोणाला उठवायचे, हे आपल्याकडे खिळे येण्याआधीच ठरलेले होते. खिळ्याचे काम तेव्हा जात करत होती.

इंग्रजांनी या उठवण्याला कायद्याचे रूप दिले. नेपोलियनशी झालेली युद्धे संपल्यावर इंग्लंडमध्ये हजारो सैनिक बेकार झाले आणि रस्त्यावर आले. त्यांना काम देण्याऐवजी १८२४ मध्ये व्हॅग्रन्सी अ‍ॅक्ट आला. उघड्यावर झोपणे आणि उपजीविकेचे साधन दाखवता न येणे, हाच गुन्हा ठरला. हिंदुस्थानात गोऱ्या निराधारांची सत्तेला लाज वाटू लागली, तेव्हा १८६९ मध्ये त्यांच्यासाठीही वेगळा कायदा झाला. म्हणजे रंग गोरा असला तरी खिसा रिकामा असेल तर सुटका नव्हती.

इंग्रज गेले, विचार राहिला. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यात भिकाऱ्याची व्याख्या वाचली तर धक्का बसतो. हात पसरणारा तर त्यात आहेच. पण ज्याच्याकडे उपजीविकेचे दिसणारे साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतो किंवा थांबतो की भिकेवर जगत असावा असे वाटेल, तोही त्यात येतो. पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे डांबता येते, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लागू केला गेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली.

आता एक गोष्ट, जी आपल्या लोकांना ऐकायला जड जाईल. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या फुटपाथवरची झोपडी उठवून माणसांना आपापल्या गावी पाठवून देण्याची घोषणा झाली. ती करणारे मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले. महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री, कोकणचे सुपुत्र, आपल्या घराघरांत ज्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. निराधारांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच कारकिर्दीतली. एकाच सरकारने निराधाराच्या हातावर पैसे ठेवले आणि त्याच्या डोक्यावरचे ताडपत्रीचे छप्पर काढायला माणसे पाठवली. मला यात ढोंग दिसत नाही, आपली सगळ्यांची सवय दिसते. गरिबाला द्यायला आपण तयार असतो, फक्त तो दारात दिसता कामा नये.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले. मुलांना आम्ही हे वाक्य शिकवतो. पुढचे शिकवत नाही. फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, पालिका त्यांना हटवू शकते, हेही त्याच निकालात आहे. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितले.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. हे लोक काल आलेले नव्हते. अनेकांनी तिथे दहा-दहा वर्षे काढली होती आणि कामावर चालत जाता यावे म्हणून ते तिथे राहत होते. त्यातून महिला मिलन उभे राहिले. त्यात भायखळ्याच्या फुटपाथवरच्या कितीतरी मुसलमान बायका होत्या, ज्यांनी पैपैसा जमवून घराचा हिशेब मांडायला सुरुवात केली.

आता उठवण्यासाठी घोषणाही लागत नाही. बाकाच्या मधोमध लोखंडी हात बसवतात, दिसायला आराम, पण आडवे होता येत नाही. बसथांब्यावर उतरती पट्टी असते. उड्डाणपुलाखाली टोकदार दगड रोवतात किंवा जाळी ठोकतात. लंडनमध्ये २०१४ मध्ये एका इमारतीच्या दारात असे खिळे दिसले तेव्हा गदारोळ झाला आणि ते काढावे लागले. २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेबाहेर तसेच खिळे दिसले, लोक चिडले, तेही निघाले. पोलीस हाकलतो तेव्हा निदान एक माणूस दुसऱ्याकडे बघतो. खिळ्याला डोळे नसतात, आणि ते ठोकायला सांगणाऱ्यालाही कोणाच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. कमिटीत हात वर करताना मलाही बघावे लागले नव्हते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर नोंदली गेली, त्यांत सुमारे ५७ हजार एकट्या मुंबईत. दर लाख लोकवस्तीमागे एक कायमचा रात्रनिवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. सव्वा कोटींच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. तुमच्या शहराची लोकसंख्या घ्या, लाखाने भागा, आणि पालिकेत जाऊन विचारा किती चालू आहेत. मीही आमच्या पालिकेत तसा अर्ज दिला आहे.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. गज काढा, आणि वुजूखान्याशेजारची रिकामी खोली रात्री उघडी ठेवा, झाडझूड आणि किल्लीची जबाबदारी मी घेतो. अध्यक्ष चाचा म्हणाले, "मास्तर, तुम्हीच तर हात वर केला होता." मी म्हटले, "चाचा, चुकलो होतो." खोलीचे अजून ठरलेले नाही. गजांचे ठरले आहे, पण पाचांविरुद्ध चार मतांनी, राहू द्यायचे असे. पुढची बैठक ईदनंतर आहे. मला एक मत वळवायचे आहे, आणि त्याआधी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात द्यायचे आहे.