राजाची मोटार, विटांचा ट्रक

आपल्या ए विंगमधल्या काकांकडे गणपतीला गेलात तर आरतीनंतर प्रसाद मिळतो आणि एक फोटो बघावा लागतो. फोटोत एक विचित्र गाडी आहे. पुढून ऐटबाज मोटार, मागून फळ्या ठोकलेला हौदा. बॉनेट उघडे, आणि शेजारी बाह्या सरसावून काकांचे वडील उभे. "ही मूळची राजाची मोटार बरं का!" काका सांगतात. आपण हसतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा काका म्हणाले, "हसता ना? मग एकदा शोधून काढा, ही खरी कुठली ते."

आरसी बुक असते तर काम सोपे होते. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, आधीचे मालक, सगळे असते. पण २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, तेव्हा आपल्या तळमजल्यावरची कपाटे बुडाली. त्यात काकांची ट्रंकही गेली. फोटो भिंतीवर उंच टांगलेला होता म्हणून वाचला. तेव्हा साक्षीदार तेवढा एकच.

भिंग घेऊन बसलो. रेडिएटरवर शेवरलेची ओळखीची खूण, बो टायसारखी. इंजिनावर एका ओळीत सहा प्लग. हा मोठा पुरावा, कारण शेवरलेने आपल्या साध्या मोटारीत सहा सिलिंडरचे इंजिन आणले ते १९२९ च्या मॉडेलपासून. त्याआधी चारच असत. रेडिएटर सरळ उभा आहे. पुढच्या काही वर्षांत मोटारींची तोंडे तिरपी होत गेली. म्हणजे गाडी १९३० च्या आगेमागेची.

आता ती इकडे आली कशी? अमेरिकेतून आख्खी बोटीतून आली असेल असे आपल्याला वाटते. पण जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. त्या काळातली शेवरले म्हटले की आधी शिवडीच आठवायला हवी, म्हणजे बदलापूरहून लोकलच्या अंतरावर! शेवरले ही काही फक्त राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. डॉक्टर, वकील, व्यापारी घेत असत.

मग मोटारीचा ट्रक का झाला? एक कारण चासी. तेव्हाच्या मोटारीला खाली शिडीसारखी लोखंडी चासी असे आणि बॉडी वर वेगळी बसवलेली. मागची बॉडी कापली, पाट्यांची एकदोन पाने वाढवली, सुताराकडून हौदा करून घेतला की झाले. शिवाय १९२९ ला शेवरलेच्या मोटारीत आणि ट्रकमध्ये इंजिन एकच होते. पुढे बॉडी आणि चासी एकजीव असलेल्या गाड्या आल्या. त्या अशा कापल्या तर मधूनच वाकतील.

दुसरे कारण युद्ध. पेट्रोलवर रेशनिंग आले. १९४२ मध्ये अमेरिकेने नागरी मोटारी बनवणेच थांबवले. जुनी मोठी मोटार हौसेला परवडेना, आणि माल वाहायला नवा ट्रक मिळेना. लोकांनी हिशेब केला आणि करवत उचलली.

कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. काका सांगतात, त्यांचे वडील बदलापूरच्या भट्टीवरून विटा भरून कॅम्पात नेत. सैनिकांच्या बराकींत लोकांनी पार्टिशन घातले, पुढे ओटा काढला, मागे मोरी बांधली. काका तेव्हा लहान, हौद्यात विटांवर बसून जायचे. चढावर गाडी तापली की डब्याने पाणी ओतायचे काम त्यांचे. आजही तिथल्या पत्त्यात कॅम्प नंबर आणि बराक नंबर लिहितात. घर चार वेळा बदलले तरी मूळचा नंबर राहिलाच, अगदी चासी नंबरसारखा.

जनरल मोटर्सने १९५४ मध्ये इथले काम बंद केले. काकांच्या वडिलांनी त्यानंतरही भंगारातले भाग लावून गाडी चालवली आणि शेवटी भंगारातच दिली. त्या पैशात काकांची मॅट्रिकची फी भरली गेली.

हे सगळे काकांना वाचून दाखवले. राजाची गोष्ट गेली म्हणून वाईट वाटेल अशी भीती होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दादांना कोणी तरी सांगितलं असेल, त्यांनी मला सांगितलं. राजाची नसली तर नसू दे. आम्हा पाच भावंडांना तिनं जेवू घातलं, ते तर खरं ना?"

ते खरेच आहे, काका. म्हणून फोटोच्या मागे आता पेनने लिहून ठेवले आहे: शेवरले, सहा सिलिंडर, १९३० च्या सुमारास, विटांचा ट्रक.

सर्व सभासदांना एक विनंती. पुरात सोसायटीची पहिली फाईलही भिजली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. घरातले जुने फोटो, शेअर सर्टिफिकेट, करारनामे यांची एकेक प्रत वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे ठेवा. फोटोच्या मागे नावे आणि साल लिहा. सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारून घ्या.