जीएसपीटी-१ जनुक आणि कर्करोग

जीएसपीटी-१ हे मानवी पेशीत प्रथिनाची साखळी पूर्ण करून सोडवणारे जनुक १६व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते आणि ईआरएफ-३ए हे प्रथिन घडवते. संदेशवाहक आरएनए वाचता वाचता रायबोसोम यूएए, यूएजी किंवा यूजीए या विरामसंकेतापाशी येतो, तेव्हा ईआरएफ-१ तो संकेत ओळखते, तर ईआरएफ-३ए जीटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करून साखळी सुटण्यास मदत करते. हे सहकार्य १९९५च्या सुमारास स्पष्ट झाले. मात्र यीस्टमध्ये जीएसपीटी-१च्याच कुळातील जनुक बिघडले की पेशी विभाजनचक्राच्या जी-१ टप्प्यातच अडकतात, हे त्यापूर्वीच दिसले होते. त्यामुळे या जनुकाला कर्कजनक जनुकांच्या रांगेत बसवण्याकडे ओढा असतो. पुरावा मात्र तसे करू देत नाही. जठराच्या कर्करोगाच्या काही गाठींत त्याची अभिव्यक्ती वाढलेली आढळते. जनुकाच्या आरंभी असलेल्या जीजीसी त्रिकाची १२ आवर्तने असलेले रूप पोर्तुगालमधील अभ्यासांत जठर व स्तन कर्करोगाच्या रुग्णांत सापडले. पण झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला प्रथिने जास्त लागतात, तेव्हा वाढलेली अभिव्यक्ती हे कारण नसून परिणामही असू शकतो. आवर्तनांचा संबंधही अजून साहचर्याचाच आहे.

खरे वजन आहे ते गाठीच्या या जनुकावरील अवलंबित्वाला. २०१६ मध्ये वर्णन झालेले सीसी-८८५ हे संयुग सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटून ईआरएफ-३ए पेशीच्या विघटनयंत्रणेकडे पाठवते. मग विरामसंकेतावर रायबोसोम खोळंबतात, पेशीचा ताणप्रतिसाद जागा होतो आणि तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या पेशी मरतात. टीपी-५३ हे गाठ रोखणारे जनुक निकामी असले तरीही. प्रत्येक पेशीला लागणारे प्रथिन हटवले तर निरोगी पेशी वाचतील कशा, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर इतकेच, की एमवायसी या वाढ चेतवणाऱ्या जनुकाने चेतवलेल्या, सतत प्रथिने बनवणाऱ्या पेशींना ही उणीव आधी जाणवते. फरक मात्रेचा असल्याने उपचाराची वाट अरुंद राहते; जीएसपीटी-१वरच रोख असलेल्या सीसी-९०००९ या संयुगाच्या मानवी चाचणीत रुग्णांचा रक्तदाब व कॅल्शियम घटल्याचे दिसले, ते याच अरुंदपणाचे लक्षण मानावे लागते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ईआरएफ-३ए नाहीसे झाले की पेशीला जगवणाऱ्या एमसीएल-१सारखी अल्पायुषी प्रथिनेही ओसरतात, म्हणून एखादे औषध नेमके कशावर घाव घालते याची गल्लत होऊ शकते. यासाठी ५७५व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पराजीन असलेले, औषधाला दाद न देणारे ईआरएफ-३एचे रूप पेशीत घालून पाहावे लागते: त्याने पेशी वाचल्या, तरच मृत्यू जीएसपीटी-१च्या अभावानेच होत होता असे म्हणता येते.